दुखण्याची जागा

स्वरूपाला लग्नाचा चुडा भरताना कमरजहाँच्या हातून एकामागून एक बांगड्या पिचत गेल्या, आणि शेवटच्या काचेनं पोरीच्या मनगटावर लाल ओरखडा काढला.

कळंबात असं कधी झालं नव्हतं. कमरभाभीचा हात म्हणजे लोणी, असं बायका म्हणायच्या. ऊस तोडून रुंद झालेला पंजा असो नाहीतर बाळंतिणीचा सुजलेला हात, अंगठ्याच्या बुडाशी दाबून, बोटं मिटवून, बोलता बोलता ती बांगडी अशी चढवायची की समोरचीला कळायचंही नाही. पण त्या दिवशी तिला बसवतच नव्हतं. तिनं पाटावर मांडी घातली, मग एक गुडघा वर घेतला. उकिडवी बसली. पाणी मागायच्या निमित्तानं उठली, परत बसली.

"भाभी, आज काय मुंग्या लागल्यात का तुमाला?" स्वरूपाच्या आत्यानं विचारलं. सगळ्या हसल्या. कमरजहाँही हसली. हसताना तिनं दात आवळून धरले होते.

चुडा भरून झाला. काच पिचली म्हणून कुणी तोंडावर बोललं नाही, पण निघताना नवरीच्या आईनं नारळ तिच्या ओटीत न घालता नुसता हातात दिला, ते तिला लागलं. घरी येऊन ती तडक न्हाणीत गेली आणि कडी लावून तांब्यावर तांब्या गार पाणी ओतत राहिली. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. अंग पुसलं की पुन्हा तेच.

पाळी जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर कधीतरी ही खाज सुरू झाली. आधी अधूनमधून, मग रोज. रात्री तर अशी की अंथरुणात पडून राहणं नको व्हायचं. खाजवलं की आग, आग झाली की चिरा, आणि त्या चिरांवरून लघवी गेली की कुणीतरी मिरचीची पूड चोळल्यासारखं. चालताना परकर घासायचा. बसलं की ओढ बसायची. ती चिडकी झाली होती. बांगड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला, "घ्यायच्या तर घ्या, न्हायतर डबे उचकटू नका," असं बोलून जायची आणि मग स्वतःवरच चरफडायची. नवरा इस्माईल शेजारी बसून सगळं ऐकायचा. गिऱ्हाईक गेलं की डबे जागेवर लावायचा.

औषध केलं नव्हतं असं नाही. इंदापूरला एका दवाखान्यात ती तीनदा जाऊन आली होती. पहिल्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "अंगावर जातंय." बाईच्या दुखण्याला तेवढंच एक नाव तिला ठाऊक होतं जे चारचौघांत घेता येतं. अंगावरून काहीच जात नव्हतं. पण गोळ्या त्याच्याच मिळाल्या. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "लघवीला आग होते." मग लघवी तपासली, साखर तपासली, काही निघालं नाही. तिसऱ्या वेळी तिनं मनाचा हिय्या केला.

"खाज येते, साहेब."

"कुठं?"

दाराचा पडदा अर्धा सरकलेला होता. बाहेर बाकावर माणसं बसलेली. औषधं देणारा पोरगा मान वर करून बघत होता.

"खाली," ती म्हणाली.

"खाली म्हणजे? पायाला?"

"मांडीला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी गजकर्णाचं मलम लिहून दिलं. दोष त्यांचा तरी किती म्हणावा? तिनं सांगितलं तिथलं औषध त्यांनी दिलं. मलम तिनं मांडीला लावलं नाही, जिथं दुखत होतं तिथं लावलं, आणि संध्याकाळपर्यंत तिला घरात उभं राहवेना.

शब्दच नव्हता. त्या जागेचं नाव तिनं आयुष्यात हजारदा ऐकलं होतं. बाजारात टेम्पोवाले भांडायला लागले, पोरं क्रिकेटवरून हातघाईवर आली की पहिलं तेच नाव निघायचं. पण ती शिवी होती. डॉक्टरापुढं बसून स्वतःच्या अंगाला शिवी कशी द्यायची? आणि ती सोडली तर उरतं काय? खालचं, आतलं, तिथलं, जागा. आईनं तिला न्हाऊ घालताना 'ते' म्हटलं होतं, तिनं तिच्या लेकींनाही तेच शिकवलं.

एकदा माहेरी, पिंपळीला गेली असताना तिनं बनावहिनीपाशी विषय काढला होता. बनाबाई तिच्या भावाच्या शेजारची. वयानं पाच-सात वर्षांनी मोठी, लहानपणापासून वहिनी म्हणायची सवय. नवरा सर्जेराव, त्यांचा ऊस, दोन म्हशी, मुलगा रणजित पुण्याला नोकरीला. कमरजहाँनं अर्धंमुर्धं सांगितलं आणि बनाबाईनं पुढचं ओळखलं.

"तुरटीचं पानी करायचं कोमट. त्यानं धुवायचं दोन येळा. मऊ फडकं ठेवायचं, जुन्या धोतराचं, नवं न्हाय. आन बसायचं ते एका अंगावर रेलून. आन हे बघ कमर, कुनाला सांगत बसू नगं. हासत्यात लोक."

तुरटीनं तिची कातडी आणखी फाटली. पण तिनं वहिनीला तसं कळवलं नाही.

सगळ्यात अवघड होतं इस्माईलचं. भला माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दुकानातून येताना तिच्यासाठी पान बांधून आणणारा. गेल्या वर्षापासून ती त्याला जवळ येऊ देत नव्हती. आधी पाठ दुखते म्हणाली, मग गुडघे. मग बिछानाच दुसऱ्या खोलीत टाकला. एके दिवशी दुकानात बांगड्यांचे तोडे दोऱ्यात ओवता ओवता, तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "माझा कंटाळा आला का गं तुला?"

"काय तरी बोलताय," ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली. रस्त्यावर काही काम नव्हतं तिचं. उसाच्या ट्रॅक्टरला वाट देऊन ती नुसती उभी राहिली.

घरात हे पहिल्यांदा कळलं ते सुनेला. शबीना बारामतीची. फिरोजशी लग्न होऊन आली तेव्हा जरा फटकळ वाटली होती, अजूनही वाटायची. फिरोज लोणी देवकरला कारखान्यात पाळीनं जायचा, म्हणून घरचं सगळं शबीनावरच. चुड्याच्या त्या प्रकारानंतर थोड्याच दिवसांत कपडे भिजवताना तिला सासूच्या परकरावर रक्ताचे ठिपके दिसले.

ती ओल्या हातानंच आत आली. "अम्मी, तुमची पाळी कधीच गेलीय ना?"

"का?"

"परकराला रक्त हाय."

"तू माझे कपडे हुडकत बसतीस का? ठेव ते. मी धुते माझं."

"हुडकत न्हाय. धुतीय. रक्त कशाचं?"

"तुला काय करायचंय!" कमरजहाँचा आवाज इतका चढला की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावलं. शबीनानं खिडकी लावून घेतली आणि सासूसमोर येऊन उभी राहिली.

"माझा साद जन्मला तवा मला टाके पडले होते," ती हळू म्हणाली. "मला हलता येत नव्हतं. तुमी रोज बघायच्या, शेक द्यायच्या, पुसून कोरडं करायच्या. माझ्या सख्ख्या आईला शिसारी आली, तुमाला आली न्हाय. तवा मला तुमची लाज वाटली न्हाय. आता तुमाला माझी कशी वाटते?"

कमरजहाँ पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मग म्हणाली, "दुखतं गं लई," आणि तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी जंक्शनच्या फाट्यावरून बारामतीच्या एसटीत बसल्या. बसल्या म्हणजे शबीना बसली. कमरजहाँ भवानीनगरपर्यंत दांडी धरून उभी होती.

"मावशी, जागा हाय की. बसा," कंडक्टर म्हणाला.

"मळमळतंय. उभंच बरं," ती म्हणाली. खड्डा आला की तिचा जीव खालून वर यायचा. बाहेर ऊस, पुन्हा ऊस, मध्येच एखादं गुऱ्हाळ, त्याची काहिली. तिला उतरून परत फिरावंसं वाटत होतं. तीनदा तरी ती शबीनाला म्हणाली, "आज नगं. जुम्म्याला येऊ." शबीना खिडकीबाहेर बघत राहिली.

डॉक्टर माधवी मॅडम चाळिशीच्या, बारीक केस कापलेल्या. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग विचारलं, "काय त्रास होतो?"

"खाज. आग. चिरा पडत्यात," कमरजहाँ म्हणाली. इथवर तिनं वाटेत पाठ केलं होतं.

"नेमकं कुठं?"

तिनं शबीनाकडं बघितलं. शबीनानं तोंड उघडलं आणि मिटलं. घरात एवढी टणाटणा बोलणारी पोर, पण तिच्याकडंही शब्द नव्हता. "टाके पडतात ना मॅडम, तिथं," ती शेवटी म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि पेनानं भराभर चित्र काढलं. "हे बघा. हा बाहेरून दिसणारा सगळा भाग. आम्ही त्याला व्हल्व्हा म्हणतो, मराठीत योनिमुख म्हणा. हे बाहेरचे जाड ओठ, हे आतले पातळ ओठ, भगोष्ठ म्हणतात त्यांना. वर हा दाणा, ही शिश्निका. ही लघवीची वाट, तिच्या खाली ही योनीची वाट, आणि हे मागं शौचाची जागा. आता बोट ठेवा, कुठं कुठं होतं."

कमरजहाँ कागदाकडं बघत राहिली. इतकं सगळं आहे तिथं? तिला वाटायचं, एकच एक जागा. लघवीची वाट वेगळी आहे हे पाच बाळंतपणं होऊनही तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं बोट ठेवलं. वरच्या दाण्यापाशी, मग दोन्ही बाजूंनी खाली, मग मागपर्यंत. तिचं बोट इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरलं, आणि मॅडमनी मान हलवली, जणू त्यांना हवं होतं तेच उत्तर मिळालं.

तपासताना ती पत्र्यासारखी ताठ पडून होती. मॅडम काय करणार ते आधी सांगायच्या आणि मग हात लावायच्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्हाला बघायचंय का? आरसा देते."

"तोबा," ती म्हणाली. मग म्हणाली, "द्या."

तिनं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. कातडी पांढरी पडली होती, पातळ, सुरकुतलेली, भाजलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी. कागदावर काढलेले आतले ओठ तिथं नव्हतेच. बाजूच्या कातडीत विरघळून गेल्यासारखे. वाट आक्रसली होती. जागोजाग बारीक भेगा.

"असं कसं झालं? मी स्वच्छ राहते मॅडम. साबण लावते, डेटॉल घालते पाण्यात, तुरटीनंपण धुऊन बघितलं..."

"तुमचं काही चुकलेलं नाही. हा कातडीचा आजार आहे. लायकेन स्क्लेरोसस. संसर्ग नाही, कुणाकडून आलेला नाही, तुमच्याकडून कुणाला जाणार नाही. शरीरच स्वतःच्या कातडीवर उलटतं. पाळी गेलेल्या बायकांत बराच दिसतो, पण दाखवत कुणी नाही. साबण, डेटॉल, तुरटी सगळं बंद. नुसतं पाणी. मलम देते, ते नेमून दिल्याप्रमाणं लावायचं. पूर्ण जाणार नाही, पण मुठीत राहील."

"आणि नवऱ्याजवळ..." तिनं वाक्य तोडलं.

"दुखत असणारच. आता काही दिवस नाहीच. त्यांना सांगा. नंतर बघू, उपाय आहेत."

कमरजहाँ उठायला लागली तर मॅडमनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "एक गोष्ट राहिली. उजव्या बाजूला एक ठिकाण जाड लागतंय हाताला. बहुतेक खाजवून झालं असेल. पण या आजारात, फार थोड्या बायकांत, पुढं कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तिथला लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवू."

तुकडा काढताना सुई टोचली तेवढीच. त्यानंतरचे दिवस जास्त टोचले.

घरी आल्यावर तिनं इस्माईलला सांगितलं. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मॅडमनी दिलेला कागद तिनं घडी करून चोळीत ठेवला होता, तो त्याच्यासमोर उलगडला. तो आधी दचकला, मग दारावरचा पडदा ओढून घेतला आणि चष्मा लावून बघत बसला. तिनं बोट ठेवून सांगितलं. नावं चुकली, पुन्हा आठवून सांगितली.

"म्हंजे तुला दुखत होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं..." त्यानं चष्मा काढला. "मला काय काय वाटलं गं. सांगायचं न्हाय का?"

"काय म्हनून सांगू? तुमीच सांगा, कोणत्या शब्दात सांगायचं होतं?"

त्याच्याकडंही तो एकच शब्द असणार, भांडणातला. तो मान खाली घालून बराच वेळ कागदाच्या कडा सरळ करत राहिला. "कॅन्सर निघला तर?" त्यानं विचारलं.

"निघला तर बघू," ती म्हणाली, आणि तिला समोरच्या रॅकवरचे सगळे डबे उतरवून पुन्हा लावावेसे वाटले. तिनं ते उतरवलेही.

रिपोर्टची वाट बघणं म्हणजे शिक्षा होती. मलमानं खाज कमी व्हायला लागली होती, पण आता मनाला खाज सुटली होती. घरात ती एका जागी टिकेना. तांदूळ निवडायला घेतले की अर्ध्यात ठेवून द्यायची. फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. नमाजाला बसली की किती रकात झाल्या ते विसरायची आणि पुन्हा सुरुवात करायची.

त्यातच एक दिवस तिच्या डोक्यात किडा शिरला. मऊ फडकं, जुन्या धोतराचं, नवं नाही. एका अंगावर रेलून बसायचं. बनावहिनीला एवढं पाठ कसं? तुरटी कुणीही सांगेल. पण नवं कापड टोचतं हे ज्याला टोचलंय त्यालाच ठाऊक. आणि मग तिला आठवत गेलं. मागच्या वेळी वहिनी उंबऱ्यावर बसली होती ती डाव्या अंगावर कलून. त्याच्या आधीच्या ईदला शिरखुर्मा खायला बोलावली तर उभ्यानंच खाऊन गेली. तिच्याच पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसलीच नाही, वाढत राहिली. सगळे म्हणाले, बनाबाईचा उरक बघा.

"पिंपळीला जाऊन येते," ती शबीनाला म्हणाली.

"आज रिपोर्ट यायचाय अम्मी. फोन येईल."

"तुझ्याकडं येईल. मी थांबले तर वेडी होईन."

बनाबाई गोठ्यात होती. म्हशीखालचं शेण ओढून झालं होतं आणि ती दावणीला टेकून उभी होती. वाळली होती. कमरजहाँला बघून तिनं तोंडभर हसून हाक मारली, "ये गं बया! अशी अवचित?"

चहा झाला. भावाकडची, रणजितच्या नोकरीची चौकशी झाली. सर्जेराव मळ्यात पाणी धरायला गेले होते. बनाबाई पोत्यावर बसली, डाव्या अंगावर रेलून, आणि कमरजहाँनं पुढं वाट बघितली नाही.

"वहिनी, मी बारामतीला दाखवलं. बाई डॉक्टर हाय. कातडीचा आजार निघला. तुरटीनं वाढतो म्हणाल्या."

"मला काय म्हाईत. मी आपलं ऐकीव सांगितलं."

"ऐकीव न्हाय ते. तुला काय होतंय?"

"मला कशाला काय व्हतंय?"

"वहिनी, माझ्या आतल्या बाजूचे ओठ गेले. विरघळले. मी आरशात बघितलं. तुकडा काढलाय, त्यात कॅन्सर हाय का न्हाय ते आज कळंल. हे मी माझ्या सख्ख्या भावाच्या बायकोला सांगितलं न्हाय. तुला सांगितलं. आता तू सांग."

बनाबाईनं कोरडाच हात लुगड्याला पुसला. म्हशीकडं बघितलं. "गाठ हाय," ती म्हणाली. "आधी खाजच व्हती. वरीसभर. मग गाठ आली, शेंगंच्या दाण्याएवढी. आता वाढलीया. फुटली मागं. पू येतो, रगत येतं. वास येतो म्हनून मी ह्यांच्या ताटाजवळ बसत न्हाय."

"दाखवलं न्हाय?"

"कुनाला दाखवू? सांगू काय? म्हातारपणी तिथं काय झालं म्हनून लोक काय काय बोलतील. न्हाय बाई. हाय ते आसंच जाईल माझ्यासंगं."

"उद्या चल माझ्याबरोबर."

"न्हाय म्हनलं ना. आन ह्यांच्या कानावर घातलंस तर माझं तोंड बघू नगंस."

कमरजहाँ उठली. गोठ्याच्या दारापर्यंत गेली, परत आली. सर्जेरावांना सांगावं, की वहिनीचा शब्द पाळावा? ती पुन्हा दाराशी गेली. तेवढ्यात कमरेचा फोन वाजला. घाईत हिरव्या खुणेपाठोपाठ स्पीकरही दाबला गेला आणि शबीनाचा आवाज गोठाभर घुमला.

"अम्मी! रिपोर्ट आला! कॅन्सर न्हाय! ऐकताय का, कॅन्सर न्हाय, मॅडम म्हणाल्या नुसतं मलम लावायचं आणि दर सहा महिन्याला दाखवायचं. लवकर दाखवलं ते बरं झालं म्हणाल्या, गाठ होऊन फुटली की लई अवघड असतं..."

कमरजहाँनं फोन छातीशी दाबला, पण बोलणं सगळं ऐकू गेलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं. आनंद झाला होता, पण त्या आनंदाकडं बघायची हिंमत होईना, कारण समोर बनाबाई पोत्यावरून उठून उभी राहिली होती.

"काय म्हनली ती?" बनाबाईनं विचारलं. "गाठ हून फुटली की काय?"

कमरजहाँला खोटं बोलता आलं नाही. "अवघड असतं म्हणाली. पण अवघड म्हंजे संपलं न्हाय वहिनी."

बनाबाईनं म्हशीपुढं वैरण टाकली. मग म्हणाली, "बाईच डाक्टर हाय न्हवं? नक्की?"

त्या रात्री बनाबाईनं स्वतःच सर्जेरावांच्या कानावर घातलं आणि पुढचं सगळं भराभर झालं. माधवी मॅडमनी बनाबाईला तपासलं, तुकडा काढला, आणि पुण्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रणजित रजा टाकून आला. योनिमुखाचा कर्करोग निघाला. ऑपरेशनला बनाबाईला आत नेलं तेव्हा सर्जेराव बाहेर बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. कमरजहाँ आणि इस्माईल दोघंही कळंबहून गेले होते.

"कमर," सर्जेराव म्हणाले, "गावात लोक इचारत्यात. मी पोटाचं आपरेशन म्हनून सांगितलंय."

"बरं केलं, आबा."

"बरं कुठलं? माझीच बायकू, आन मला तिच्या दुखण्याचं नाव घ्याया येईना." त्यांनी टोपी घातली, काढली. "आमी एकाच घरात व्हतो की गं. ती उभ्यानं जेवायची आन मी म्हनायचो, काय सारखी घाई तुला."

इस्माईल त्यांच्या शेजारी सरकून बसला. दोघंही समोरच्या बंद दाराकडं बघत राहिले.

गाठ काढली गेली, पण जांघेतल्या एका ग्रंथीत आजार पोचला होता. मग किरणोपचार. बनाबाई रणजितकडं पुण्यात राहिली आणि हाडं दिसायला लागेपर्यंत वाळून पिंपळीला परतली. पाय सुजायचा. जखम भरायला वेळ लागला. कमरजहाँ भेटायला गेली तर पहिल्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"तू आली नसतीस तर गप मेले असते," बनाबाई भिंतीला म्हणाली. "हिरवं कापड घालून परक्या डाक्टर पोरांपुढं उघडी पडले. कापलं, भाजलं. लघवीला बसायचं तर जीव जातो."

कमरजहाँनं तिच्या सुजलेल्या पायाखाली उशी सरकवली. ती उशाशी बसून राहिली. तिचं स्वतःचं दुखणं आता मुठीत होतं, मलम लावलं की दिवस नीट जायचा. पण मुठीत जिवंत काही धरलंय याचा विसर पडत नव्हता. दुकानात चुडा भरायला आलेली एखादी बाई जरा जास्त वेळा जागा बदलायला लागली की कमरजहाँचं लक्ष उडायचं. मग ती बाकीच्या बायकांना जाऊ द्यायची, पडदा ओढायची आणि विचारायची. काही जणी रागावून उठून जायच्या. दोघी-तिघी बारामतीला जाऊन आल्या. एकीची सासू दुकानात येऊन भांडून गेली, की आमच्या सुनेला काय नाही ते शिकवता. इस्माईलनं त्या बाईला पाणी दिलं आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं.

उन्हाळा सरता सरता बनाबाई काठी घेऊन अंगणात यायला लागली. सर्जेरावांनी तिच्यासाठी मधोमध भोक ठेवून कापसाची गादी शिवून आणली होती. बारामतीच्या शिंप्याला काय म्हणून सांगितलं कुणास ठाऊक. कमरजहाँ गेली तेव्हा ती त्या गादीवर बसून भुईमूग फोडत होती.

"पुण्याला तपासणीला बोलावलंय पुढल्या आठवड्यात," ती म्हणाली. "रणजितला रजा न्हाय. हे येतो म्हनत्यात, पर त्यांना त्या जिन्यानं धाप लागती."

"मग?"

"मग काय? परत तिथं कायतरी निघलं असंल तर?"

"मला म्हाईत न्हाय, वहिनी."

बनाबाईनं टरफलं सुपातून पाखडली. हात थांबला. "तू येशील न्हवं?"

"येते," कमरजहाँ म्हणाली, आणि सूप पुढ्यात ओढून शेंगा फोडायला लागली.